मागं जाता आलं तर

(वरवंडजवळची धनगरवस्ती. ओसरीत सर्व्हेवाली दबोरा, समोर फुलाबाई. उंबऱ्यापाशी फुलाबाईची सासू, वच्छलाबाई, शेंगा फोडत बसलीय.)

दबोरा : मावशी, परत सांगते, जरा बाहेर बसा. हे ताईंना एकटीलाच विचारायचं असतं.

वच्छलाबाई : मी कुठं मधी बोलतीय? शेंगा फोडतीय. आन् मला न्हाई व्हय इचारत?

दबोरा : पन्नाशीच्या आतल्या बायकांनाच विचारतात.

वच्छलाबाई : बरंय. म्हातारीचं काय, संपलंच की.

दबोरा : फुलाताई, तीन मुली सांगितल्यात. जन्माला येऊन नंतर गेलेलं एखादं मूल?

फुलाबाई : एक. रंगनाथ. ताप आला, दौंडला नेईस्तवर ग्येला. धावाय लागला व्हता.

दबोरा : आणि मुलं बंद करायचं ऑपरेशन तो जायच्या आधीच झालेलं?

फुलाबाई : त्यो झाल्यावर लगीच. पोरगा झाला, आता काय ठिवायचं, म्हणली समदी. बाई, पाळीचं, नवऱ्याचं, इचारलं ते समदं न लाजता सांगितलं. आता तेवढं ऑपरेशन खोलायचं लिवून घ्या.

दबोरा : हे कुणी सांगितलं तुम्हाला?

फुलाबाई : वस्तीवर म्हनत्यात, तुमी आलाय ती जीप डाक्टरनीची हाय. उद्या ह्यांना पाटसला न्येत्यात, दुसरी पोरगी बघाय. मला परत व्हतंय म्हणल्यावर थांबतील की.

वच्छलाबाई : मला का हौस हाय? माझ्या म्हस्कूच्या मागं कुनी नगं का?

दबोरा : ताई, मी डॉक्टर नाही. आम्ही फक्त विचारतो. खोलायचं पुण्याला मोठ्या दवाखान्यात बघावं लागतं, आणि होईलच असं नाही.

फुलाबाई : म्हंजी मगाधरनं नुसतंच इचारत व्हता.

दबोरा : हो. नुसतंच विचारणार, हे सुरुवातीला वाचून दाखवायचं असतं. दाखवलंही. पण रोज घरोघरी तेच वाचून आता तोंडातल्या तोंडातच पुटपुटते मी. तुम्हाला काय कळणार.

वच्छलाबाई : असल्या जीपा लई येत्यात, फुला. म्हणलं न्हवतं?

दबोरा : एकच प्रश्न राहिलाय. जाऊ दे, नाही विचारत.

फुलाबाई : इचारा. आता काय ऱ्हायलंय.

दबोरा : समजा, तुम्हाला मागं जाता आलं, एकही मूल झालं नव्हतं तिथपर्यंत. आणि किती व्हावीत ते तुमच्या हातात असतं, तर किती ठरवली असती?

फुलाबाई : चार.

दबोरा : मुलगे किती, मुली किती?

फुलाबाई : तीन पोरी, एक पोरगा.

दबोरा : ताई, झाली त्यांचं नाही म्हणत. पहिल्यापासून, मनासारखी. दोन मुलगे म्हणा, काहीही म्हणा.

फुलाबाई : कळलं मला. मागं ग्येलं की रंगनाथ हाय न्हवं तितं. मला बदलून नगं. तेवढंच दिस ऱ्हाणार आसला तरी त्योच पायजे.

दबोरा : मावशी, शेंगा सांडल्या तुमच्या.

वच्छलाबाई : सांडू द्या. मला सात झाली, बाई. मेंढरांमागं फिरता फिरता चार रानातच पुरली. किती पायजे व्हती म्हणून मला कुनी इचारलं न्हाई.

दबोरा : किती पाहिजे होती, मावशी?

वच्छलाबाई : समदी.

(दबोरा कागद मिटून ठेवते.)

वच्छलाबाई : फुला, ऊठ, बाईस्नी च्या टाक. दमल्यात त्या. आन् म्हस्कू आला की म्हणावं, उद्या पाटसला नगं जायला. बघू म्होरं.