आरशाखालचा गुलाल

समारंभाचे अध्यक्ष आदरणीय विजयसिंह साहेब, व्यासपीठावरील मान्यवर, आज निवृत्त होणारे आमच्या डिझाइन विभागाचे प्रमुख राजशेखर सर, त्यांच्या पत्नी शांतव्वा काकू, आणि कागल एमआयडीसीतून पाळी बदलून इथं आलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

सरांच्या हाताखाली तयार झालेली म्हणून या संयोगिताला बोलायला उभं केलंय. कौतुक करायचं आहे, पण मनात हळहळच जास्त आहे.

दुर्बिणीचा मोठा आरसा स्वतःच्याच वजनानं वाकतो. दुर्बीण कलली की वेगळाच वाकतो. सरांनी त्याच्यासाठी अशी बैठक आखली, की खालचा प्रत्येक टेकू आपापला डोलेल आणि आरसा कुठंच दाबला जाणार नाही. धूळ नको म्हणून जुळणीच्या खोलीत येताना सर सगळ्यांना बूट काढायला लावत, अध्यक्ष महाराजांनासुद्धा!

मग बैठक डोंगरावरच्या वेधशाळेत पाठवायचा दिवस उजाडला. आपल्याकडे नारळ न फोडता, गुलाल न उधळता ट्रक कधी गेटबाहेर पडलाय का? बैठक प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली. आपले फोरमन आकाराममामा म्हणाले, "सर, झाकून कुठं पूजा हुतीया व्हय? तोंड तरी दिसू द्या की." आणि ज्यांनी आत माशी येऊ दिली नव्हती, त्या सरांनी स्वतःच्या हातानं प्लॅस्टिक वर केलं. जोतिबाच्या नावानं चांगभलं म्हणत पहिली मूठही त्यांनीच उधळली. तेवढा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मी पुन्हा पाहिला नाही.

गुलाल ग्रीसमध्ये कालवला गेला आणि टेकूंचे सांधे आखडले. वर आरसा चढवला, तर प्रत्येक तारा तिकोनी दिसायला लागला. सगळं उतरवून धुतलं. आता दुर्बीण उत्तम चालते. पण पुढच्या, याहून मोठ्या दुर्बिणीचं काम दुसरीकडे गेलं. तिचा आराखडा सरांनी पुरा केला होता. तो तसाच पडून राहिला. याचं वाईट वाटतं, फार वाटतं.

सरांनी कुणाला बोल लावला नाही. मात्र तेव्हापासून त्यांनी गुलालाला हात लावला नाही, आणि मामा त्यांच्या केबिनकडे फिरकले नाहीत. आजच्या ताटात हार आहे, शाल आहे, गुलाल नाही. सरांनीच नको म्हणून सांगितलं होतं.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, ऋणी आहे. बोलताना काही अधिक-उणं झालं असेल तर पदरात घ्या. जाता जाता एकच विनंती. मामांच्या खिशात पुडी आहे, सकाळपासून ते ती चाचपताहेत. सर, आज इथं आरसा नाही. लावून घ्या.