दोन ठोके

काका : आधी ते बटण दाबून धर! दाबलेलं असेल तोवर आपलं बोलणं रेडिओवर जात नाही. हं, आता बोल. पांढराफटक पडलायस.

पंजा : काका, तो उठत नाहीये.

काका : मलाही डोळे आहेत. गोलच्या खांबावर डोकं आपटलंय, वेळ लागणारच. डॉक्टर पोचलेत.

पंजा : तसं नाही हो. उभं आयुष्य गोलमध्ये गेलं माझं. पडलेला गोलकीपर आधी गुडघे पोटाशी घेतो. ह्यानं काहीच केलं नाही. नुसता पडला.

काका : हे माइकवर चुकूनही बोलू नकोस. कॉमेंट्रीला एक्स्पर्ट म्हणून बसवलंय तुला, डॉक्टर म्हणून नाही. दिसतं ते सांगायचं, वाटतं ते गिळायचं. घरी कुणाची तरी आई ऐकत असते.

पंजा : कुणाची तरी काय? माझीच ऐकतेय! धाकटा भाऊ आहे तो माझा.

काका : माहीत आहे रे. म्हणून तर म्हणतोय, मी सांभाळतो. तू पाणी पी आणि गप्प बस.

पंजा : गप्प बसलो तर तिचा जीव जाईल. तिला दिसत नाही, काका. रेडिओला कान लावून बसली असेल. माझ्यासारखा बडबड्या गप्प झाला की काय समजायचं ते ती समजेल.

काका : मग बोल.

पंजा : काय बोलू? मला भीती वाटतेय. लहानपणी अंगणात कुणी धडपडलं की आई आतून ओरडायची, "ठोक रे!" पडलेल्यानं जमिनीवर दोनदा हात आपटायचा. दोन ठोके ऐकू आले की ती कामाला लागायची. नाही आले तर भिंत चाचपत बाहेर. आत्ता तिला तेवढंच हवंय. मी सांगून टाकतो, ठोकलं म्हणून.

काका : ठोकलं का त्यानं?

पंजा : नाही.

काका : मग नाही सांगायचं.

पंजा : तुमचं काय जातंय!

काका : माझं काही नाही जात. तुझ्या शब्दावर ती निश्चिंत होईल, आणि मागाहून स्ट्रेचर आलं तर? पुन्हा कधी तुझं काही खरं मानेल? चल, सोड बटण... श्रोतेहो, खेळ अजून थांबलेलाच आहे. पंजा, तुम्हाला काय दिसतंय?

पंजा : डॉक्टर... डॉक्टर गुडघ्यांवर बसलेत. त्याची मान दोन्ही हातांनी धरलीय. अशीच धरायची असते, घाईनं उचलायचं नसतं. कॅप्टननं सगळ्यांना लांब सरकवलंय. गोलकीपरचा डावा मोजा घसरलाय. नेहमीच घसरतो.

काका : आणि हात?

पंजा : हात गवतावर आहे. डॉक्टर त्याला काहीतरी विचारतायत. बोटं... थांबा. हात उचलला. आपटला. एकदा.

काका : हं.

पंजा : एकदाच, श्रोतेहो. दिसतंय तेवढंच सांगतोय. अजून... अजून नाही.

काका : घाई नाही. आम्ही इथेच आहोत.

पंजा : आपटला! पुन्हा आपटला! दोन झाले, श्रोतेहो. दोन.

काका : बरं. आता गप्प बसलात तरी चालेल.