तंटामुक्त समितीपुढे आलेला दोघींचा अर्ज

विषय : कु. उर्वशी व कु. करिश्मा यांचे एकमेकींशी लग्न लावून देणेबाबत.
संदर्भ : अर्जदारांचा लेखी अर्ज व तोंडी हट्ट.

उपरोक्त विषयास अनुसरून सांगायचं तर... डोकं फिरलंय हो माझं! तुम्हीच सांगा, जन्मभर तहसिलात बसून लोकांचे अर्ज पुढे पाठवले, निवृत्त होऊन सिंदेवाहीजवळ आपल्या गावी आलो, तंटामुक्त समितीचा सचिव झालो, आणि पहिला अवघड अर्ज कोणाचा यावा? पोटच्या पोरीचा! म्हटलं, उर्वशी, हे घरी बोलता आलं नसतं? तर म्हणते, "घरी बोलली असती तर तुम्ही काय म्हटलं असतं, बाबा? रीतसर अर्ज कर!"

आता बोला!

आमच्या समितीची पद्धत ऐका. प्रेमातलं जोडपं दारात दिसलं की अध्यक्ष लटारूभाऊ आधी हार मागवतात, मग फोटोवाल्याला फोन करतात आणि मग नावं विचारतात. मारुतीच्या देवळात लग्न, पेपरात फोटो, फोटोत जोडप्याच्या मधोमध लटारूभाऊ! जात आडवी येवो, नाहीतर मुलीचा बाप कुऱ्हाड घेऊन येवो, या माणसाने एक जोडपं परत पाठवलेलं नाही. त्या दिवशीही हार आले, फोटोवाला आला, आणि लटारूभाऊ इकडेतिकडे बघतात, "पोरगा कुठी आहे?"

"पोरगा नाई, भाऊ. आम्ही दोघीच," करिश्मा म्हणाली.

हार हातातच राहिला!

"म्हणजे... नवरी कोन?"

"दोघी."

"अन् नवरदेव?"

"नाई लागत."

"काऊन नाई लागत? मंग वरात कोनाकडून येते?"

दारातून आमची बायको गुणाबाई कडाडली, "माह्या लग्नात आली होती वरात, पोटभर जेवली अन् गेली! मले काय भेटलं? हे सचिव!" तुम्हाला सांगतो, नोकरीत साहेबांचे पुष्कळ ताशेरे खाल्ले, पण इतका नेमका एकही नव्हता.

"सचिवसाहेब, कायद्यात बसते काय हे?" लटारूभाऊ हळूच विचारतात. म्हटलं, नाही बसत, मोठं कोर्ट म्हणालं की संसदेनं ठरवावं.

"मंग सरकारनं काय केलं?"

"समिती नेमली."

"अन् आपन कोन?"

"समितीच."

"मंग पाठवा पुढे!"

तेवढ्यात करिश्मा पुढे आली. "काका, उर्वशीचं पोटाचं ऑपरेशन होतं तेव्हा मी दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून होती. तू तिची कोन, तुही सही नाई चालत म्हने! तुमची एसटी येतवर ते आत तडफडून राह्यली होती. आम्हाले त्या सहीसाठी लग्न पायजे. पेपरातल्या फोटोसाठी नाई."

लटारूभाऊ हाराची फुलं मोजायला लागले. मला ती एसटी आठवली... प्रत्येक फाट्यावर थांबणारी. अहो, आमच्याकडे वाघाला राखीव जंगल आहे, भोवती बफरचा पट्टा आहे, त्याने गाय मारली तर रीतसर पंचनामा आहे, आणि या दोघींना एक रकाना मिळेना!

मग मी कधी नव्हे ते शिफारस लिहिली. 'अर्ज न्याय्य वाटतो.' लटारूभाऊंनी खाली सही केली, आणि गुणाबाईने त्यांच्या हातचे हार ओढून घेतले, "अर्ज पडून राह्यते, फुलं नाई!" म्हणून दोघींच्या हातात दिले. फोटोवाल्याने फोटो काढला. सवयीने मधोमध लटारूभाऊ!

अर्ज तालुक्याला गेला. तालुका म्हणाला, जिल्ह्याला पाठवा. जिल्हा म्हणाला, वरून मार्गदर्शन मागवा. पाठवा पुढे! हे पत्र कुठल्या टेबलावर कुठल्या फायलीखाली दबलंय, ते मी डोळे मिटून सांगतो. जन्मभर मीच दाबलीत की!

डोळ्यांवरून आठवलं. गेल्या महिन्यात चंद्रपूरला माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. उर्वशीला रजा मिळाली नाही, म्हणून सोबत करिश्मा. माझा चष्मा तिच्याकडे, पिशवी तिच्याकडे, माझा हात तिच्या हातात. सिस्टर विचारते, "सोबतची बाई तुमची कोन होय?"

आता बोला! मुलगी म्हणावं तर खोटं, सून म्हणावं तर मला मुलगा नाही, जावई म्हणावं तर तिने साडी नेसलेली!

"लवकर सांगा जी काका, मागे लाइन आहे."

मी म्हटलं, बाई, माझीच आहे, आत येऊ द्या तिला. आणि नात्यापुढे लिहा... अर्ज प्रलंबित आहे.