आप्पांचा रंग

सून : फोटोतला चेहरा अजून गडद करू का, बाबा?

सासरे : थांब, चष्मा पुसू दे. हं, कर थोडा. आणि मोरीतला नळ कोणी सोडून ठेवलाय?

सून : पोरगी शाळेतून आल्यापासून तोंडच धुतेय. बघा, आता?

सासरे : आता भलताच कोणीतरी दिसतोय.

सून : अहो, तुमचे वडील आहेत ते!

सासरे : ठाऊक आहे गं. पण ओळखीची वाटते ती नुसती वर्दी.

सून : चुकलं माझंच. तुमच्या वाढदिवसाला हौसेने फोटो कॉम्प्युटरला रंगवायला दिला. त्याने अख्खी पलटण एकजात गोरी करून टाकली, आणि मी ती कौतुकाने भिंतीवर टांगली.

सासरे : मी तरी काय म्हणालो? आप्पा अगदी सिनेमातल्यासारखे दिसतात, म्हणालो.

सून : तोच फोटो पोरगी शाळेत घेऊन गेली. आप्पांच्या पलटणीच्या त्या पुलावरच्या लढाईचं नाटक बसवतायत ना, सिनेमा बघून. हिला सैनिक व्हायचं होतं. मुलं म्हणाली, सिनेमात तुझ्यासारखं काळं कोणी नव्हतंच. ही म्हणाली, माझे पणजोबा होते, थांबा, दाखवते.

सासरे : अरे देवा. दाखवला?

सून : मग काय, वर्गभर हशा. आता बाई म्हणतात, तू पडदा ओढ.

सासरे : अगं, पण रंग तिने आप्पांचाच उचललाय. बारशाला मीच म्हटलं होतं.

सून : म्हणून तर तुम्हाला बसवलंय. मूळ फोटो इतका विटलाय की सगळेच पांढरेफटक. त्यांना पाहिलेले आता तुम्ही एकटेच. उद्या तिच्या हातात खरा फोटो द्यायचाय मला. सांगा ना, कसे होते? या टेबलासारखे? माझ्या पर्सच्या चामड्यासारखे?

सासरे : आई चिडवायची, दिवा मालवला की नुसते दात उरतात तुमचे.

सून : रंग सांगा, बाबा. डोळे मिटून बघा.

सासरे : मिटलेत.

सून : दिसतात?

सासरे : दिसतात ना. पुलावर उभे आहेत. मागे धूर.

सून : आणि चेहरा?

(आत नळ चालूच.)

सासरे : तो त्या सिनेमातल्या नटाचा आहे गं.

सून : बाबा…

सासरे : पोरीला म्हणावं, पुरे झालं, नळ बंद कर. आणि इथे उजेडात येऊन बस माझ्यासमोर. मला आप्पांना नीट बघू दे.