टाळूवरची टर्की

नजीब: थुंकू नको, अम्मा! गिळूही नको. जिभेनं वर दाब, टाळूला चिकटू दे.

जमीला: हे घे तुजं! सायकलच्या ट्यूबचा तुकडा म्हातारीच्या तोंडात कोंबतोस, लाज नाय वाटत?

नजीब: ट्यूब नाही गं, शिट्टी आहे. टर्कीची. अमेरिकेतले शिकारी अशी तोंडात धरतात, म्हणजे दोन्ही हात बंदुकीला मोकळे.

जमीला: मंग अमेरिकेतल्या कोनाच्या तरी तोंडात घाल. मी कधी टर्की बगितली नाय, बंदूक बगितली नाय.

मसूदा: मोठा कोंबडा असतो हो, अम्मा. गळ्याखाली लाल-लाल लोंबतं. इथं मनाम्याच्या कोल्ड स्टोरेजच्या दुकानात बर्फात गोठवलेला ठेवतात, मी दाखवला होता तुम्हाला.

जमीला: तो होय! मला वाटलं बकऱ्याचं पिल्लू.

नजीब: अम्मा, ऐक ना. मी सांगितलं ना तुला, वॉल्टर साहेब. सित्र्याच्या रिफायनरीतले. वरचे सगळे दात काढावे लागले, कवळी मीच बनवली. अशी फर्स्ट क्लास बसली की डॉक्टर पण खूश. आणि काल माणूस परत आला. म्हणाला, नजीब, मला जेवता येतं, बोलता येतं, पण टर्की बोलवता येत नाही. कवळी टाळू झाकते, मग ही शिट्टी बसायची कुठं? घसरते, घशात जाते. मार्चमध्ये ते रिटायर होऊन अमेरिकेत मिसुरीला, गावी चाललेत, एप्रिलमध्ये तिकडे शिकार सुरू. दर वर्षी सुट्टी तेव्हाच काढतात, वर्षभर ह्याच एका गोष्टीची वाट बघतात म्हणे. साठीचा माणूस, पण डोळ्यांत पाणी होतं त्याच्या.

मसूदा: आणि ह्यांनी लगेच छातीवर हात ठेवून सांगितलं, मी करून देतो! आपल्या किचनचा नळ तीन महिने झाले, अजून गळतोय.

नजीब: तू गप गं. अम्मा, मी काय केलंय बघ. कवळीच्या आत, टाळूच्या बाजूला, ही बारीक कड बसवली. शिट्टी हिच्यात अडकते. पण वाजते का, ते कसं कळणार? साहेबांच्या कवळीवर पहिला प्रयोग केला आणि बिघडली तर? आणि एकाची कवळी दुसऱ्याच्या तोंडात बसत नाही. मी बनवलेली कवळी माझ्या घरात एकच आहे.

जमीला: म्हनून माजी कपाटातून काढलीस. मला न विचारता.

नजीब: सहा महिने डबीत पडून होती, अम्मा.

मसूदा: आणि सहा महिन्यांत तुम्ही आठ किलो उतरलात. मी खोटं बोलत नाही, काट्यावर उभं केलं होतं ना हेल्थ सेंटरच्या नर्सनं? नुसती पेज आणि नुसतं सूप. नर्स मला विचारते, घरात सासूला जेवायला देत नाही का? मी काय तोंड दाखवू तिला?

जमीला: भूक नसते, गो. तुजा काय दोष हाय त्यात.

मसूदा: भूक नाही, दात नाहीत. आणि दात आहेत तर ते डबीत आहेत.

जमीला: नजीब, खरं सांग. हा वॉल्टर हाय ना खराच? का मला कवळी घालायला लावायची म्हनून दोघांनी मिळून रचलाव?

नजीब: खुदा कसम खरा आहे. त्यानं कॅसेट दिलीय स्वतःच्या आवाजातली. मसूदा, टेप लाव जरा. ऐक. ही 'यल्प'. मादी नराला बोलवते. हां, आता ही 'क्लक', म्हणजे मी इथंच आहे, घाबरू नको. आणि ही 'पर्र', पोट भरल्यावरची.

जमीला: परत लाव. ती पहिली.

नजीब: घे. जिभेनं रबर हळूच दाब. फुंकर मारायची नाही, चष्मा पुसताना काचेवर वाफ सोडतो ना, तशी पोटातनं हवा सोडायची. आणि 'च्यॉक' म्हणायचं, जबडा खाली टाकत. यल्ला, चल.

मसूदा: या अल्ला! बंद करा, बंद करा! एक्क्याण्णवच्या आखाती युद्धाचा सायरन वाजला असं वाटलं मला. तेव्हा चिकटपट्ट्या लावलेल्या खिडकीखाली तुम्ही नव्हता, अम्मा, मी होते.

नजीब: जोर जास्त झाला. पण बघितलंस? कड हलली नाही! शिट्टी जाग्यावर राहिली. परत.

जमीला: ह्येनं लाळ किती सुटते, रे. माज्या तोंडात मोरीचं पानी भरल्यासारकं झालंय.

नजीब: साहेब म्हणाले, सगळ्यांना सुटते. त्यांची बायको त्यांना गॅरेजमध्ये पाठवायची प्रॅक्टिसला.

मसूदा: शहाणी होती.

जमीला: तुजा साहेब चुकतोय. 'च्यॉक' नाय म्हनत कोंबडी. मी चाळीस वर्सं कोंबड्या पाळल्या. अंडं घालून उठली की ती आधी वर ओढते, आनि मंग तोडते. च्या-ऊक. असं. थांब, बोलू नको कोन.

नजीब: अम्मा! कॅसेट चालू आहे का बंद?

मसूदा: बंद आहे. मीच बंद केली. अम्मांनीच काढला तो आवाज!

नजीब: परत काढ. तीनदा. च्या-ऊक, च्या-ऊक, च्या-ऊक. वाहवा! साहेबाला सांगतो, मिसुरीत नाही एवढी चांगली टर्की आपल्या हमद टाउनच्या सातव्या राउंडअबाउटला आहे!

जमीला: बस झाली मस्करी. मला आधी समजू दे. ही मादीची हाक. तो झाडाखाली लपून बसनार, बायकोचा आवाज काढनार, नर बिचारा लगालगा येनार, आनि हा त्याला गोळी घालनार?

नजीब: हो. म्हणजे, तसंच.

जमीला: आनि बिस्मिल्ला कवा म्हनतो? लांबनं?

मसूदा: अम्मा, तो ख्रिश्चन आहे.

जमीला: ते सोड. मला त्या नराची दया येते. कोन बोलवते म्हनून आला, आनि कोन निघाला.

नजीब: साहेब म्हणाले, गेली तीन वर्षं त्यांनी मारलेलाच नाही एकही. नुसता जवळ बोलवतात. पिसारा फुलवून दहा पावलांवर येतो, बघत उभा राहतो आणि निघून जातो. त्यांना तेवढंच पुरतं. मी विचारलं, मग एवढा खटाटोप कशाला? तर म्हणाले, ज्याला माझ्याशी काही देणंघेणं नाही असा जीव माझ्या आवाजावर चालत येतो, नजीब. दात गेल्याचं दुःख नाही मला. तो आवाज गेला.

जमीला: असं बोलला?

नजीब: हो. अम्मा? का हसतेस?

जमीला: हसू नको तर काय करू. हे तर मी चाळीस वर्सं केलं.

मसूदा: काय केलंत? कुणाची शिकार केलीत?

जमीला: काय नाय, गो. ऱ्हाऊ दे.

मसूदा: आता ऱ्हाऊ दे नाही चालणार. खलास. मी टेप बंद केलीय, गॅस बंद केलाय. सांगा.

जमीला: शीळ घालायची मी.

नजीब: तू?

जमीला: हां, मी. तुजे अब्बा सांजचे जयगडच्या खाडीत होडी घेऊन असायचे. मी मागच्या दारी माडाखाली उभी ऱ्हायची, आनि शीळ घालायची. दोन लांब, एक तुटकी. म्हंजे जेवान तयार हाय, सासू निजली, आता यायचं. माज्या पुढच्या दोन दातांत फट व्हती बग, तांदळाच्या दान्याएवढी. त्या फटीतनंच यायची ती. सासूनं एकदा ऐकली नि कान उपटलान माजा, बाईमानसानं शीळ घालायची नाय म्हनून. मंग मी अजून हळू घालायची. तरी त्यांना ऐकू जायची. तुजे अब्बा हातातली जाळी टाकून होडीत सरळ उभे ऱ्हायचे. लांबनं दिसायचे उभे ऱ्हायलेले. मंग मला कळायचं, ऐकलान.

नजीब: थांब, थांब. तो संध्याकाळचा पक्षी? दोन लांब, एक तुटक? मी अब्बांना विचारलं होतं, हा कुठला पक्षी ओरडतो रोज? ते म्हणाले, हा आपल्याच आवारात असतो, दुसरीकडे नाही मिळत.

जमीला: असं म्हनाले? मला कधी सांगितलं नाय.

मसूदा: अम्मा, घ्या, पाणी प्या.

जमीला: तू ही कवळी दिलीस ना, नजीब, त्या पयल्या दिवशी मी मोरीत गेली. दार लावलं. आरशात बगितलं. पांढरेशुभ्र दात, एका ओळीत, सिनेमातल्या बाईसारके. ती बाई कोन, मला समजेना. मंग म्हटलं, बगू तरी. शीळ घातली. नुसता वारा. परत घातली. नुसता वारा. त्यांना जाऊन तवा चारच महिने झालेले. मी कवळी काढली आनि डबीत ठेवली.

नजीब: तू मला सांगायचं होतंस.

जमीला: काय सांगायचं व्हतं? पासष्ट वर्सांची बेवा बाई, पोराला सांगनार, मला शीळ घालायचे दात दे? त्या अमेरिकनाला सांगता आलं. तो मरद मानूस, त्याची शिकार हाय. माजं काय हाय?

नजीब: फट मी मुद्दाम बुजवली, अम्मा. मला आठवत होती ती. मोल्डमध्ये दात लावताना हातात घेऊन विचार केला. म्हटलं, आयुष्यभर हसताना पदर तोंडावर धरायची, आता नको धरायला. माझ्या हातचं सगळ्यात सुंदर काम होतं ते. लॅबमध्ये सगळ्यांना दाखवलं.

जमीला: पदर मी हसू लपवायला धरायची, रे. फट नाय.

मसूदा: विचारायचं होतंत ना एकदा.

नजीब: साहेबाला दोन तास विचारत बसलो. जीभ कुठं लागते, हवा कुठून जाते. आणि घरात… दे ती कवळी, अम्मा.

जमीला: आता कशाला?

नजीब: दे तर. फक्त उद्याचा दिवस. सूप पी उद्या, शेवटचं.

(दुसऱ्या दिवशी, दुपारच्या असरच्या नमाजानंतर. त्याच घरात.)

मसूदा: आलात लवकर? टर्कीचं काय झालं?

नजीब: टर्की बोलली! साहेबांच्या कवळीत तश्शीच कड बसवली. त्यांनी खुर्चीतच वाजवली. बाहेर वेटिंग रूममध्ये एक अरब बाई बसलेली, ती उठून निघूनच गेली. साहेब हसतायत, रडतायत, माझा हात सोडत नाहीत. म्हणाले, टेस्ट कुणी केली? मी म्हटलं, माझ्या आईनं. ही लाल शिट्टी तुझ्यासाठी दिलीय, अम्मा. आणि तुझा तो सल्ला त्यांना सांगितला. 'च्या-ऊक'. दोनदा करून बघितला. म्हणाले, चाळीस वर्षं मी चुकीचं करत होतो.

जमीला: मी म्हटलंच व्हतं. कोंबडी मला विचारा.

नजीब: आणि ही घे. उघड डबी.

जमीला: नजीब…

नजीब: पुढचे दोन दात मधोमध घासले, मग पॉलिश केलं. मापाला तांदूळ घेऊन गेलो होतो खिशात. रंगही थोडा उतरवलाय, सिनेमातली बाई घालवली. बघ आरशात. मोरीत जा हवं तर.

जमीला: मोरीत कशाला. दे इकडं. आरसा नको, हाताला समजते मला. हां. हितंच व्हती ती.

मसूदा: घाला ना, अम्मा. मी तोंड फिरवून उभी राहते, नको, किचनमध्येच जाते.

नजीब: जोर नको. वाफ सोडल्यासारखी, पोटातनं. जीभ हळू.

जमीला: तू मला शिकवू नको, मेल्या. गप बस तिकडं खुर्चीवर. गेला बग सगळा वारा. नुसताच वारा.

नजीब: परत. काल पहिल्यांदा सायरन वाजला होता, आठवतंय ना?

जमीला: थांब. ओठ इसरलेत. ओठांना सवय ऱ्हायली नाय.

नजीब: घाई नाही. इंशाल्ला येईल. आज नाही तर उद्या.

जमीला: बोलू नको.

मसूदा: अहो! खिडकी उघडी राहिली का? बुलबुल घरात शिरला बघा, बाहेरच्या खोलीत ओरडतोय. दोनदा लांब आणि एकदा… अम्मा?

जमीला: किचनमधनं ऐकू आली, गो?

मसूदा: आली. नळाच्या आवाजातनं आली. आणि हे असे का हो? काय झालं ह्यांना?

जमीला: काय नाय झालं. सकाळची भाकरी शिल्लक हाय ना? कडक झाली असंल तरी आन, आनि सुक्या बोंबलाची चटनी आन. आनि ह्याला सांग बसायला. कवाधरनं असा सरळ उभा ऱ्हायलाय.