कोपरा फाटलेलं कार्ड

फाळणीआधी लाहोरला जाऊन मी पत्रकारिता शिकलो खरा, पण माझी पहिली बातमी आमच्या गावी, फुलचूरला, कशी पोचली ते ऐका. बी.ए.नंतरचा तो कोर्स. आमचे मास्तर एकच घोकून घ्यायचे, कागदावर डाग दिसला की बातमी परत! पहिली परीक्षा पास झालो तसं घरी कार्ड लिहिलं. नेमका कोपऱ्यावर शाईचा डाग पडला. मी शहाण्यासारखा तेवढा कोपरा फाडला आणि कार्ड टपालात टाकलं.

आता आपल्याकडे कोपरा फाटलेलं कार्ड म्हणजे कोणीतरी गेलं! बाबांनी ते उंबऱ्याच्या आत येऊच दिलं नाही. न वाचताच रडारड झाली, सगळ्यांनी डोक्यावरून आंघोळी केल्या, चुलीवरचा भात फेकला. मग शाळेच्या गुरुजींनी अंगणात उभं राहून कार्ड वाचलं, 'मी पहिल्या नंबरानं पास झालो.'

सुट्टीत घरी आलो तर आत्या दारातच आडवी आली.

“काऊन रे, एवढ्या दूर शिकून राहिला, अन् बातमी अर्धीच धाडली?”

“अर्धी कशी, आत्या?”

“मेलं कोण, ते तर तूनं लिहिलंच नाही!”