काठीची चाल

सन्माननीय अध्यक्षसाहेब, व्यासपीठावर बसलेले दिग्दर्शक महोदय, आमच्या मॉडेलिंग संस्थेतली सगळी मंडळी, आणि टाचा दुखल्या तरी चेहऱ्यावर न दाखवणाऱ्या माझ्या पोरींनो,

आज आपण आमच्या काठीला निरोप द्यायला जमलो आहोत. तिचं खरं नाव पोस्टरवर झळकेलच, आमच्यासाठी ती काठीच. आता ती रॅम्प सोडून कायमची सिनेमात चालली.

मी पोरींना चालायला शिकवते. लोक विचारतात, चालायला काय शिकवायचं? अध्यक्षसाहेब, मघाशी तुम्ही पायऱ्या चढून आलात ना, तेव्हाच मला राहवत नव्हतं. पण ते असो. खांदे मागे, नजर सरळ, कुणाकडे म्हणून बघायचं नाही. टोकाला थांबायचं, कमरेवर हात, वळायचं. ही काठी त्यात इतकी तरबेज, की गोणपाट नेसवलं तरी लोकांनी विकत घेतलं असतं.

मग तिला सिनेमा मिळाला. पहिलाच प्रसंग असा, की आजारी वडिलांना भेटायला मुलगी बऱ्याच वर्षांनी येते. ही आली. पलंगाशी थांबली, कमरेवर हात ठेवला, झोकात वळली आणि चालती झाली! वडील उठून बसले म्हणे. तुम्ही आता हसताय, पण त्या दिवशी दिग्दर्शक महोदय हसले नव्हते. कितीदा घेतलं तरी तेच. शेवटी ते म्हणाले, "सोमवारी बघू. नाही जमलं, तर दुसरी मुलगी घेऊ."

ती थेट माझ्या घरी आली आणि दारातच रडायला लागली. "ताई, ही चाल माझ्या अंगातून काढा हो. पायच ऐकत नाहीत माझे."

काढा म्हणे! अहो, जी बसवताना माझा घसा बसला, ती काढायची कशी, हे मला तरी कुठे ठाऊक? काही सुचेना, म्हणून मी आपला चहा केला आणि म्हटलं, "जा, आईला नेऊन दे." माझी आई अंथरुणाला खिळलेली, पण जीभ शाबूत. ही गेली, पलंगाशी थांबली आणि वळली, कपबशीसकट! आई कडाडली, "अगं बये, चहा मला आणलास की भिंतीला? माझ्याकडे बघ तरी!"

सोमवारपर्यंत ती आमच्याकडेच राहिली. चहा, पाणी, औषध, सगळं तीच नेऊन द्यायची. रविवारी संध्याकाळी आईला जोराचा ठसका लागला आणि आमची काठी धावली. खांदे वाकडे, केस तोंडावर, एक चप्पल दाराशीच. आईला सावरून ती पाठ चोळत बसली, तेव्हा मी म्हटलं, "उद्या अशीच जा गं." म्हटलं खरं, पण ही आता रॅम्पवर परत येत नाही, हे मला तिथेच कळलं.

सोमवारचं दिग्दर्शकांनी मघाशी सांगितलंच. पलंगावरचे वडील खरेखुरे रडले. मला वाईट वाटतं का? वाटतं हो, का वाटणार नाही? माझी सगळ्यांत सरळ चालणारी पोर निघाली. पण मघाशी ती सभागृहात शिरली, ती आधी त्या कोपऱ्यातल्या चाकांच्या खुर्चीकडे गेली, हट्टानं इथवर आलेल्या माझ्या आईची शाल नीट केली, आणि मग पायऱ्यांवर अडखळत वर आली. वर्गात अशी अडखळली असती, तर मी तिला सोडलं नसतं. आज सगळ्यांत आधी टाळ्या मीच वाजवल्या.

संस्थेनं मला बोलायला उभं केलं आणि तुम्ही ऐकून घेतलंत, याबद्दल मनापासून आभारी आहे. बोलण्याच्या भरात कुणाची चाल काढली असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला. अध्यक्षसाहेब, तुम्ही तर नक्कीच.

आणि काठी, निघताना दाराशी थांब. शिकवलंय तशीच वळ. फक्त या वेळी आमच्याकडे बघ.